भाऊकाकांची रिव्हॉल्व्हरं आणि माझं पत्रक

रिक्षांवर पुन्हा भोंगे चढलेत. भिंतींना चुना लागतोय, म्हणजे दोन दिवसांत तिथे कोणाचं तरी चिन्ह उगवणार. चौकाचौकात हात जोडून उभे असलेले चेहरे तेच, पाच वर्षांत जरा सुजलेले. काल चौकीवरून येताना फळ्यावर खडूने लिहिलेली सूचना दिसली, ‘परवानाधारकांनी आपली हत्यारे तीन दिवसांत जमा करावीत.’ निवडणूक म्हटलं की कोणाला गुलाल आठवतो, कोणाला फुकटची भजी. मला शिवणयंत्राच्या तेलाचा वास येतो.

हळवं लिहिणं हा माझा प्रांत नाही, हे आधीच सांगते. मी पत्रकं लिहिते. एका पानात पाणी, रस्ता, गटार आणि नगरसेवकाची लाज, एवढं सगळं बसवायचं असतं. विशेषणं परवडत नाहीत. पण त्या फळ्यासमोर मी उगीचच पाच मिनिटं उभी राहिले. हवालदार म्हणाला, “काय मॅडम, तुमच्याकडे पण आहे का काही जमा करायला?” मी म्हटलं, “होतं.”

ऐंशीचं दशक संपत आलेलं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. डोंबिवली पूर्वेला तेव्हा अजून आंब्याची झाडं होती आणि त्या माघात मोहोर असा फुटलेला की केमिकलच्या कारखान्यांचा वाससुद्धा काही तास हार मानायचा. आमच्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही तिघं. मी, काकू आणि भाऊकाका. आईवडील गावी असायचे, मी शिकायला इथे. भाऊकाका एका कारखान्यात टूलरूमला फिटर. बुटके, शर्टाच्या खिशात कायम मापं घ्यायचं वर्नियर, आणि बोटं अशी की सुई हरवली तर काकू डोळ्यांऐवजी काकांच्या बोटांना शोधायला लावायची.

आणि काकांकडे तीन रिव्हॉल्व्हरं होती.

हे वाक्य मी कुठेही म्हटलं की लोक खुर्ची मागे सरकवतात. सरकवू देत. फिटरच्या घरात तीन हत्यारं म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं, हा आपल्याकडचा समज. बिल्डरच्या कमरेला एक असलं तर ते मात्र ‘स्टेटस’.

पहिलं आजोबांचं. आजोबा मुरबाडकडे जंगलाच्या ठेक्यावर मुकादम होते. त्यांच्यामागे परवाना काकांच्या नावावर झाला आणि त्याबरोबर ते बत्तीस बोरचं स्पेनचं रिव्हॉल्व्हर आलं. काळंभोर, देखणं, कुठल्याही दुकानात काडतूस मिळेल असं. ठाण्याचा हत्यारांचा दुकानदार काकांना प्रत्येक भेटीत म्हणायचा, “भाऊ, ते बत्तीसचं मला द्या, बदल्यात मागाल ते घ्या.” काका मान हलवायचे आणि विचारायचे, “मागचा खण उघडता का जरा?”

त्या मागच्या खणात दुकानदार भंगार टाकायचा. ज्यांची काडतुसं जगात कोणी बनवत नाही, ज्यांचे मालक गेले, ज्यांना बघून गिऱ्हाईक हसतं अशी रिव्हॉल्व्हरं. काका त्या खणापुढे तासभर बसायचे. कायद्याने तीनच ठेवता येत. म्हणजे आजोबांचं एक धरून काकांच्या आयुष्यभराच्या छंदाला उरल्या दोन जागा! त्या दोन जागा भरायला त्यांनी सहा वर्षं घेतली. लग्न जमवायला सहा महिने लागले होते, हे काकू येईल त्याला सांगायची.

त्यातलं एक मुठीत मावेल एवढं, बेल्जियमचं. बाहेरून घोडाच दिसत नाही, आणि चाप पेन्सिल कापायच्या चाकूसारखा मिटून पोटाशी जातो. तिकडे सायकली नव्या असताना सायकलवाल्यांच्या मागे कुत्री लागायची, त्यांना पळवायला म्हणून हे बनवलेलं. काकू म्हणायची, “कुत्र्यांसाठी एवढी कारागिरी? आमच्या गल्लीतली कुत्री लाजून मरतील.” दुसरं मोठं, ओबडधोबड, पिंगट रंगाचं. त्याच्या चक्राला गोळ्यांची सहाऐवजी सात घरं. काका कपाळाला हात लावून त्याचं कौतुक करायचे. घोडा मागे ओढला की चक्र नुसतं फिरत नाही, ते पुढे सरकतं आणि नळीच्या तोंडाला जाऊन घट्ट बसतं, मधे फट राहू नये म्हणून. दुकानदार त्याला ‘हातोडा’ म्हणायचा. काका म्हणायचे, “ज्याला हे सुचलं त्याला झोप लागली नसेल महिनाभर. आणि ह्यांना हातोडा दिसतो.”

रविवारी सकाळी जेवणाआधी खालच्या फरशीवर काकूच्या जुन्या पातळाचा तुकडा अंथरायचा. शिवणयंत्राचं तेल, दात घासायचा जुना ब्रश, डब्यात खडूचे तुकडे. खडू हवेतला ओलावा पितो आणि लोखंडाला गंज चढू देत नाही, हे टूलरूममधलं शहाणपण. मी शेजारी बसून आम्हा कार्यकर्त्यांच्या मंडळासाठी पत्रकांचे मजकूर लिहायची. एकदा काकांनी त्या सात घरांच्या रिव्हॉल्व्हरची बाजूची पट्टी उघडली आणि मला भिंग दिलं. “आत बघ.” आतल्या प्रत्येक तुकड्यावर तोच एक बारीक आकडा ठोकलेला. “एकाचे भाग दुसऱ्याला बसायचे नाहीत. हाताने घासून बसवलेले. आणि हे बघ कोपऱ्यात.” कोपऱ्यात दोन अक्षरं. कोणा कामगाराची. नळीवर कारखान्याचं नाव मोठ्ठं, राजमुद्रेसकट, आणि ज्याने घासलं त्याचं नाव पट्टीच्या आत, जिथे मालकाची नजर जाणार नाही.

मी तेव्हा कामगारांवर पानंच्या पानं लिहीत होते. त्या दोन अक्षरांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच शिबिरात शिकले नाही. मला राग आला, आणि अभिमानही वाटला. कोणाबद्दल ते नीट सांगता येणार नाही. त्या परक्या माणसाबद्दल, आणि त्याला शंभर वर्षांनी डोंबिवलीत शोधून काढणाऱ्या आमच्या माणसाबद्दल.

त्या हंगामात आमच्याकडे निवडणूक लागली आणि फळ्यावर तीच ओळ आली, हत्यारं जमा करा. इतर लोक तोंड वाकडं करून जायचे. काका सणाला जावं तसे गेले. कारण तो त्यांचा सुगीचा काळ! एरवी कुलपात असलेली सगळ्या भागातली हत्यारं एका दिवशी एका टेबलावर. हवालदार वहीत नोंद करायला बसलेला आणि त्याला एका रिव्हॉल्व्हरचं दुसऱ्यापासून वेगळं वर्णन करता येईना.

“भाऊ, ह्याला काय लिहू? ‘जुने, गंजके’ लिहितो.”

“गंजकं कुठे हो? तो मूळचा रंग आहे. लिहा, पिंगट, आठ पैलूंची नळी, मूठ अक्रोडाची.”

“अक्रोड? बरं. अक्रोड.”

असं करत काका दुपारपर्यंत तिथेच बसले, आणि वर्णनं लिहायला माझं अक्षर बरं म्हणून त्यांनी मलाही बसवलं. बदल्यात हवालदार त्यांना प्रत्येक वस्तू दोन मिनिटं हातात धरू द्यायचा. काकांच्या मांडीवर चित्रकलेची वही असायची. जे ठेवता येत नाही त्याचं चित्र काढून घ्यायचं, मापांसकट. नळीची लांबी, चक्राचा व्यास, मुठीचा बाक. त्या वहीवर त्यांनी लिहिलेलं होतं, ‘फक्त पाहिलेली’. तीन हत्यारांचा मालक, पण खरा संग्रह त्या वहीत होता, आणि पेन्सिलीला परवाना लागत नाही.

रांगेत आमच्या मागे तुकारामशेठ उभे. इथले जुने आगरी, एकेकाळी मिठागरावर राबलेलं घराणं, आता अर्ध्या भागात त्यांच्या जमिनीवर इमारती. माणूस मोकळा, आवाज मोठा. त्यांनी नवंकोरं चकाकणारं रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि काकांच्या तिन्ही रिव्हॉल्व्हरांकडे बघून हसले.

“काय रं भाऊ, ही खेलनी पन जमा कराला लागतान? फुटतं तरी का त्यातला एकादा?”

“दोन नाही फुटत, शेठ.”

“मंग कशाला ठेवतस? माजा बग, कसा हाय.”

काकांनी हातात घेतलं, चक्र फिरवून कानाशी धरलं, परत दिलं. “छान आहे. असं हजारांत एक असतं.”

शेठ खूश झाले. काका माझ्या कानाशी पुटपुटले, “म्हणजे हजार सारखी, त्यातलं एक.”

त्याच आठवड्यात एका उमेदवाराच्या मिरवणुकीत कोणीतरी हवेत गोळी झाडली. हत्यारं जमा झालेली असताना! एका बाईच्या घराचं कौल फुटलं, बाकी कोणाला काही झालं नाही, आणि संध्याकाळपर्यंत सगळे ते विसरायला तयार झाले. मी नाही झाले. त्याच दुपारी बसून मी पत्रक लिहिलं. आमच्या मंडळाच्या सायक्लोस्टाइलवर काढलं, खळ शिजवली, बोटं चिकट होईपर्यंत भिंतींवर डकवलं. मथळा होता, ‘या शहरात पिस्तुलं कशाला?’ मागणी एकच, निवडणूक संपली की जमा केलेलं हत्यार मुकाट्याने परत देऊ नका. प्रत्येक परवानाधारकाला समोर बसवून कारण विचारा. पटलं नाही तर परवाना रद्द. आणि शेवटी जाड अक्षरात, ‘अपवाद नको.’

काकांनी ते पत्रक जेवताना वाचलं. भाताचा घास तोंडात, कागद ताटाशेजारी.

“एक चूक आहे,” ते म्हणाले.

मी कागद ओढून बघितला.

“पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर एक नव्हे. पिस्तुलाला चक्र नसतं. पुढच्या वेळी ‘हत्यारं’ लिही, नाहीतर तो दुकानदार हसेल तुला.”

बस, एवढंच. मी खरं सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं की ह्या ‘परवानाधारका’त आमच्या घरातला माणूसही बसतो. माझ्या लेखी परवानाधारक म्हणजे सोन्याची साखळी, पांढरे बूट. काका म्हणजे काका! दुसऱ्यावर बोट दाखवायची सवय लागली की अशी चूक होते, आणि आम्हा पत्रकवाल्यांची ही सवय जुनी.

निवडणूक झाली, गुलाल उधळला गेला, आणि हत्यारं परत मिळाली नाहीत. आमच्या पत्रकामुळे की त्या गोळीमुळे, मला माहीत नाही. आमच्या मंडळाने मात्र सगळं श्रेय घेतलं. प्रत्येक परवानाधारकाला नोटीस आली. ठाण्याला सुनावणी. ‘हत्यार बाळगण्याचे सबळ कारण न दिल्यास ते कायमचे सरकारजमा करण्यात येईल.’ काकांच्या नोटिशीत तीन हत्यारांचे नंबर होते, आणि सरकारजमा म्हणजे काय हे हवालदाराने मला दबक्या आवाजात सांगितलं. गॅसकटरने तुकडे, मग भट्टी.

काकू त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. “शैले, जग सुधारायला निघालीस आणि स्वतःच्या घरात काडी टाकलीस! सहा वर्षं त्या माणसाने दुकानदाराच्या पायऱ्या झिजवल्या. आणि सासऱ्यांची एवढी एकच वस्तू घरात.”

मी म्हटलं, मी सुनावणीच्या साहेबांना भेटते. आमच्या मंडळाची ओळख आहे. सांगते की हे संग्राहक आहेत, ह्यांचा अपवाद करा.

काका चपला घालत होते. ते थांबले. “काय करा?”

“अपवाद.”

“तू जाड अक्षरात काय लिहिलंयस?”

त्यांनी उरलेली चप्पल घातली.

“पत्रक बरोबर आहे. मी त्यात बसत असेन तर बसतो. उगाच भिंत धुवायला जाऊ नकोस.”

त्या दिवशी लोकलचा गोंधळ होता, म्हणून कल्याणहून एस.टी.ने आम्ही ठाण्यात खोपटला उतरलो, तिथून चालत. उन्हाचा चटका सुरू झालेला. कचेरीच्या व्हरांड्यात बाकांवर सगळी बडी मंडळी, तुकारामशेठही होते. आत एकेक जण जायचा आणि दार अर्धवट उघडं असल्याने आम्हाला सगळं ऐकू यायचं. पहिला म्हणाला, जिवाला धोका आहे. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. तिसऱ्याने सोबत आमदाराचं पत्र आणलेलं, त्यातही जिवाला धोका. शेठ आत गेले आणि म्हणाले, “साहेब, जमीनदार मानूस. जिवाला धोका तं आसनारच.” मी व्हरांड्यात रागाने नखं खात होते. एवढ्या धोक्यात असलेल्या ह्या शहरात पाण्याच्या टँकरपुढे उभ्या राहणाऱ्या बायकांना मात्र कधी कोणी विचारलं नव्हतं की बाई, तुमच्या जिवाला काय आहे.

आमचा नंबर आला. साहेब मध्यमवयीन, दमलेला, टेबलावर पाणी झाकून ठेवलेलं. त्याने मान वर न करता विचारलं, “जिवाला धोका?”

“नाही,” काका म्हणाले.

साहेबाने वर बघितलं.

“माझ्या जिवाला काहीच धोका नाही. मी कारखान्यातून घरी जातो, घरातून कारखान्यात. धोका ह्यांच्या जिवाला आहे. ह्यांना कोणी विचारत नाही.”

“म्हणजे?”

मग काकांनी वही उघडली, दुकानाच्या खणात असताना काढलेली ती दोन त्यात होती. पंधरा मिनिटं ते बोलत होते. सायकल, कुत्री, मिटणारा चाप, पुढे सरकणारं चक्र, कोपऱ्यातली दोन अक्षरं. एरवी घरात चहा हवा असला तरी हाताने खूण करणारा हा माणूस! साहेबाने मधेच त्यांच्या परवान्याची पुस्तिका ओढली आणि काडतुसांच्या खरेदीचं पान काढलं. तो बराच वेळ ते पान बघत राहिला. मग मागचं पान. मग पुढचं.

“ह्यात एकही नोंद नाही. अकरा वर्षांत एकही काडतूस घेतलं नाहीत?”

“लागलं नाही.”

“बत्तीसची तर मिळतात की.”

“हो. मिळतात.”

साहेबाने पेन खाली ठेवलं. बाकीच्यांच्या पुस्तिकांची चळत त्याच्या डाव्या हाताला होती, त्याकडे त्याने एकदा बघितलं. मला तेव्हा असं वाटलं की आता हा म्हणेल, घेऊन जा तिन्ही, आणि मी मनात टाळ्या वाजवायला हात उचललेसुद्धा.

“तुमचं म्हणणं मला पटलंय,” तो म्हणाला. “पण छंदासाठी तीन दिली, तर बाहेर बसलेल्या सगळ्यांना उद्या छंद लागेल. दोन ठेवा. एक सोडावं लागेल. कुठलं, ते तुम्ही ठरवा.”

मला वाटलं सायकलवालं जाणार. ते सगळ्यात लहान. किंवा तो हातोडा, कारण बाजारात त्याला कुत्रं विचारत नाही.

“बत्तीसचं घ्या,” काका म्हणाले.

साहेबाने पुस्तिकेत बघितलं. “हे वडिलांकडून आलेलं दिसतंय. आणि तिन्हींत किंमत ह्यालाच आहे. हवं तर दुकानात विका, सरकारजमा कशाला करता?”

“विकलं तर कोणाच्या तरी कमरेला लागेल. ह्या तिघांत माणूस मारता येईल असं ते एकच आहे. बाकीच्या दोघांनी कोणाचं काही बिघडवायची वेळ कधीच गेली. तुम्हाला शहरातलं एक हत्यार कमी करायचंय ना, मग खरं कमी करा.”

त्यांनी सही केली. अक्षर टूलरूमच्या ड्रॉइंगसारखं, सरळ. मी वही उचलून पिशवीत ठेवली.

बाहेर व्हरांड्यात शेठनी विचारलं, “काय जालं रं भाऊ?”

“एक दिलं.”

“खेलनं दिलंस ना?”

“नाही. बापाचं दिलं.”

शेठ काकांकडे बघत राहिले. हसले नाहीत. त्यांना त्यांचं परत मिळालेलं, बाकीच्या सगळ्यांनाही मिळालं. जिवाला धोका हे कारण सबळ ठरलं.

बसमध्ये काका खिडकीला बसले होते. मुंब्र्याच्या डोंगराखालून जाताना म्हणाले, “बाबांना आवडलं नसतं.” थोड्या वेळाने म्हणाले, “त्याची मापं घ्यायची राहिली. घरातलंच म्हणून कधी चित्र काढलं नाही.” एवढंच. घरी काकूने विचारलं आणि त्यांनी सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली, बराच वेळ भांडी लावत होती. रात्री मला वाढताना तिने माझ्या पानात आधी वाढलं आणि म्हणाली, “जेव. चेहरा असा करू नकोस. त्यांनी दिलंय, तू घेतलं नाहीस.”

उरलेली दोन अजून आहेत. काका निवृत्त झाले, बोटं जरा थरथरतात, पण उद्या ते ती दोन जमा करायला जाणार आणि नव्या हवालदाराला अक्रोड समजावणार. तीस-चाळीस पानांच्या त्या वहीच्या आता तीन वह्या झाल्यात. संग्रहालयं ज्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत, त्यांची एवढी नेमकी मापं महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाकडे असतील असं मला वाटत नाही. हे मी पुतणी म्हणून म्हणत नाही, पत्रकवाली म्हणून म्हणते, आणि पत्रकात मी फुगवून लिहीत नाही.

सभांमध्ये मागच्या रांगेतून कोणीतरी हमखास ओरडतं, “तुमच्या पत्रकांनी आजवर काय झालं हो?” पूर्वी मी चिडायची, लांबलचक यादी वाचायची, माइक ओढायची. आता एकच उत्तर देते. म्हणते, आमच्या एका पत्रकाने ह्या शहरातलं एक चालू रिव्हॉल्व्हर कायमचं कमी झालं. एकच. ते माझ्या आजोबांचं होतं.

मग पुढचा मुद्दा घेते.